‘बॅटरीच खराब होती, वायरिंगचे पैसे उगाच घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी: ऊसवाहतुकीचा जुना ट्रॅक्टर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नव्हता म्हणून आमच्याकडे आणला. आम्ही तो तीन दिवस ठेवून घेतला, फोनवर २,५०० सांगून ५,८०० रुपये घेतले आणि बाराव्या दिवशी पुन्हा तेच, चावी फिरवली की नुसतं कट्-कट्. गावातल्या मेकॅनिकने नवी बॅटरी टाकली, ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. म्हणजे दोष बॅटरीचाच होता.

आधी पैशाचं बोलतो. २,५०० ही फक्त सेल्फच्या लाइनची रक्कम होती आणि तेवढीच लागली. वरचे ३,३०० हेडलाइटच्या वायरिंगचे, त्यात सामान २,१०० आणि मजुरी १,२००. वायर जळकी दिसली तेव्हा काम सुरू करण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो आम्ही केला नाही. ती १,२०० मजुरी तुम्हाला परत मिळेल.

आता दोषाचं. ‘कट्-कट्’ आवाज एकच असला तरी त्याची कारणं दोन होती, आणि घोळ तिथेच झाला. सेल्फवरच्या सोलेनॉइडला (मोटरची लाइन जोडणाऱ्या विजेच्या स्विचला) बेताचा करंट मिळाला की तो पट्टी ओढतो. मोटरला लाइन जोडली जाते, मोटर एकदम शेकड्यांत अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइड पट्टी सोडून देतो. मोटरचा भार सुटला की व्होल्टेज वर येतं, पट्टी परत ओढली जाते. बॅटरी उतरलेली असली तरी असंच होतं, आणि बॅटरी भरलेली असून वाटेत करंट अडत असला तरी असंच होतं. कानाने यातला फरक कळत नाही, त्याला मीटरच लावावा लागतो.

पहिल्यांदा ट्रॅक्टर आला तेव्हाचे आकडे जॉबकार्डवर आहेत. बॅटरी नुसती उभी असताना १२.५ व्होल्ट. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून सेल्फ मारला तेव्हा बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १०.९, आणि त्याच क्षणी सेल्फवर फक्त ८.१. बॅटरी मेलेली असती तर तिच्या टर्मिनलवरच ९.६ च्या खाली आलं असतं. मधले २.८ व्होल्ट वाटेत जात होते: पॉझिटिव्ह केबलमध्ये ०.६ आणि अर्थच्या (निगेटिव्हकडून ट्रॅक्टरच्या अंगाला जाणाऱ्या लाइनच्या) बाजूला तब्बल २.२.

तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी पुढे रेडिएटरसमोरच्या पेटीत आहे आणि अर्थची पट्टी त्याच ब्रॅकेटला बोल्ट केलेली होती. ट्रॅक्टर रंगवताना त्या ब्रॅकेटवर आणि इंजिनाला जोडणाऱ्या तोंडांवर रंगाचा थर बसला. बोल्ट घट्ट, बाहेरून सगळं नवंकोरं, आणि धातूला धातू नावापुरता टेकलेला. थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) कापलं तेव्हा आतली तांब्याची तार हिरवट पडून पिठासारखी गळत होती. सेल्फ दोनशे अँपिअर ओढतो असं धरलं तरी २.२ व्होल्ट खायला ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा पुरतो. मीटरची ‘पीं’ वाजणारी टेस्ट इथे फसवते, कारण दहा तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी ती वाजतेच. तपासणी सेल्फ फिरत असताना, भाराखालीच करायची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर (म्हणजे टर्मिनलवर, क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी सेल्फच्या अंगावरच्या उघड्या धातूवर. तिथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह शिसं ते सेल्फचा जाड बोल्ट, इथे ०.५ पेक्षा जास्त नको.

आम्ही ५० स्क्वेअर एमएमची नवी अर्थ केबल बॅटरीपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला नेली, खालचा रंग खरवडून. थिंबल हातोडीने न ठोकता प्रेसने दाबलं. पॉझिटिव्हची थिंबलंही बदलली. त्यानंतर बॅटरीवर १०.६ आणि सेल्फवर १०.१. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा थोडा उतरला, कारण सेल्फला आता हवा तेवढा करंट मिळू लागला.

हेडलाइटचंही सांगतो. दोन्ही बाजूंना १००/९० वॅटचे बल्ब होते. अप्परला २०० वॅट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, आणि ते सगळं मूळच्या बारीक वायरमधून, डॅशबोर्डच्या स्विचमधून. स्विचचं प्लॅस्टिक वितळलेलं होतं आणि मागची वायर डिझेलच्या पाइपाला चिकटून गेली होती. म्हणून अप्पर आणि डिपरला वेगळे रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच), २.५ स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज, आणि बल्ब ६०/५५ चे. रिलेमुळे दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं, त्यामुळे उजेड पुरतो. एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो. हे काम विचारून करायला हवं होतं, पण उगाच केलेलं नव्हतं.

आता बारा दिवसांनंतरचं. परवा तुमचे पुतणे ट्रॅक्टर आणि काढलेली जुनी बॅटरी, दोन्ही घेऊन आले. चार्जिंग तपासलं: मध्यम रेसला १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. अर्थच्या बाजूला वाटेत जाणारं व्होल्टेज ०.२, म्हणजे आमची जोडणी शाबूत. मग चावी बंद करून निगेटिव्ह केबल सोडली आणि मधे मीटर लावला, तर १.८ अँपिअर करंट चालू. चावी बंद असताना तो काही मिलिअँपिअरच असायला हवा. टेपच्या अँपची (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची) वायर काढली आणि आकडा शून्याजवळ आला. अँपची लाइन आणि तो चालू करणारी वायर दोन्ही थेट बॅटरीला जोडलेल्या होत्या. टेप बंद केला तरी अँप जागाच.

रोज खेपा चालू होत्या तेव्हा रात्री गेलेला करंट दिवसा भरून निघत होता. कारखान्याच्या केनयार्डात (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारात) नंबराला ट्रॅक्टर दीड दिवस उभा राहिला आणि १.८ गुणिले ३६ तास, म्हणजे ६५ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ८८ ची. सेल्फला उरलं काय? नवी बॅटरी भरलेली होती म्हणून ट्रॅक्टर सुरू झाला. ही गळती तशीच राहिली असती तर पुढच्या मोठ्या रांगेत तीही उतरली असती.

ही गळती आम्ही पहिल्याच वेळी पकडायला हवी होती. तेव्हा ट्रॅक्टर दिवसभर चालून आला होता, बॅटरी भरलेली दिसली आणि चावी बंद करून करंट मोजायचा राहिला. तुमचा एक दिवस केनयार्डात गेला तो आमच्या या चुकीने. परवाच्या कामाचं बिल म्हणूनच केलेलं नाही. अँपला आता चावीवर चालणारा रिले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज आहे.

जुनी बॅटरी एवढ्यात बदलीत देऊ नका. ८ अँपिअरने बारा तास चार्ज केली, रात्रभर ठेवली, सकाळी १२.६ व्होल्ट. सहाही खणांत अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (घनता) १.२५० च्या आसपास, एकही खण मागे नाही. लोड टेस्टला टिकली. एकदा खोल उतरल्याने तिचं थोडं आयुष्य गेलं असेल, पण ती चालणारी बॅटरी आहे.

घरी तपासायचं असेल तर मीटर नसला तरी चालेल. चावी बंद, निगेटिव्ह केबल काढा, आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब धरा. बल्ब पेटला तर करंट कुठेतरी जातोय. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल ती लाइन दोषी. मीटर लावलात तर तो मधे असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आणि एक कळकळीने सांगतो: चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतो का’ ते पाहू नका. डायनामोच्या काळात ते खपून जायचं, अल्टरनेटरचे डायोड त्यात उडतात. हुकाला वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या दोन्ही केबली आणि अल्टरनेटरची वायर आधी सोडा.

एक गोष्ट मात्र राहिली आहे आणि तिची आम्हाला काळजी वाटते. मागच्या ट्रॉलीचे टेल लॅम्प मिणमिणते आहेत, इंडिकेटर लावला की दोन्ही बाजू एकदम उघडझाप करतात. ट्रॉलीची अर्थ फक्त हुकाच्या पिनमधून येते. पिनेवर ग्रीस आणि गंज, खड्ड्यात ट्रॉली उचलली की संपर्क तुटतो. रात्री उसाने भरलेली ट्रॉली मागून दिसलीच नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही ट्रॉल्यांना सॉकेटमधून स्वतंत्र अर्थ वायर ओढावी लागेल. तासाभराचं काम आहे, वायरचे पैसे तेवढे द्या. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना, अंधार पडायच्या आधी या. १,२०० रुपये तेव्हाच हातात देतो.