ऑसिलोस्कोप मध्ये कुठून आला?

गेल्या लेखाखाली धुळ्याच्या एका वाचकांनी टोपणनावाने चार मुद्दे मांडले आहेत. थोडक्यात असे: नायोबियम नायट्राइडच्या तप्त-इलेक्ट्रॉन बोलोमीटरचा (टेराहर्ट्झ लहरी टिपणारा अतिवाहक डिटेक्टर) प्रतिसादकाळ म्हणून मी दिलेले ५० पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) डिटेक्टरचे नसून ऑसिलोस्कोपचे, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचे आहेत; हा आकडा क्रांतिक तापमानाजवळचा (जिथे अतिवाहकता सुरू होते) आहे, प्रत्यक्ष वापरातला नाही; आलेखाच्या उभ्या अक्षावर एकक नाही; आणि 'जळगावात बसून टेराहर्ट्झच्या गप्पा मारण्याआधी नीट वाचावं'.

एकक राहिलं होतं. डेसिबल लिहून टाकलं आहे, आभार. पण भाऊ, शेवटचं वाक्य कशासाठी? धुळं काही जिनिव्हाच्या शेजारी नाही. आपण दोघंही तापीच्या खोऱ्यातलेच. मी एम.एस्सी. जळगावलाच केलं आणि नंतर बाहेरच्या प्रयोगशाळेत स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून बसवत) चार-पाच नॅनोमीटरचे थर घालत बसलो. थर जरा जाड झाला की फोनॉनना (उष्णतेच्या कंपनांना) खालच्या स्फटिकात निसटायला वेळ लागतो आणि बँडविड्थ (एका वेळी टिपता येणारा वारंवारितांचा पट्टा) घसरते. हे मी वाचून नाही, वाया गेलेल्या नमुन्यांवरून शिकलो. तेव्हा 'नीट वाचावं' हा सल्ला जरा जपून द्या.

आता ऑसिलोस्कोप. मी आखूड स्पंद टाकून पडद्यावरचा चढ (संकेत वर जायला लागणारा वेळ) मोजला असता, तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. २० गिगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपचा स्वतःचा चढच साधारण १७-१८ पिकोसेकंदांचा. यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड या दुसऱ्या अतिवाहकाचे चपळ डिटेक्टर सिंक्रोट्रॉनच्या (वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून प्रकाश देणाऱ्या यंत्राच्या) स्पंदांवर तपासताना हे उपकरण आड येतंच, कोणी नाकारत नाही.

पण लेखातली पद्धत ती नव्हतीच! तिथे दोन टेराहर्ट्झ स्रोत आहेत, एक स्थिर आणि दुसरा हळूहळू सरकवायचा. भजनात दोन पेट्या किंचित वेगळ्या सुरात लागल्या की आवाज हेलकावतो, तसं. बोलोमीटरला टेराहर्ट्झची लाट स्वतः पेलवत नाही, दोन वारंवारितांमधल्या फरकाचा हेलकावा मात्र पेलवतो. फरक वाढवत नेला की इलेक्ट्रॉनांना थंड व्हायला सवड उरत नाही आणि हेलकावा मावळू लागतो. शक्ती निम्म्यावर येते ती वारंवारिता घ्यायची, तिला २π ने गुणायचं आणि एकाला त्या गुणाकाराने भागायचं. ३.२ गिगाहर्ट्झला येतात ५० पिकोसेकंद. हे सगळं स्पेक्ट्रम विश्लेषकावर, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती शक्ती ते दाखवणाऱ्या उपकरणावर दिसतं. ऑसिलोस्कोप खोलीत नसला तरी चालतं.

खरं तर मला पकडायचं होतं तर जागा वेगळी होती. थंड अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल यांची साखळीही वरच्या वारंवारितेला उतरते. ते उतरणं आधी वेगळं मोजून वजा केलं नाही, तर डिटेक्टर आहे त्याहून मंद दिसतो. हा प्रश्न तुम्ही विचारलात का? नाही. तुम्हाला जळगाव दिसलं.

आणि 'गप्पा' म्हणाल तर, अवकाशातल्या आयनित कार्बनची वर्णरेषा १.९ टेराहर्ट्झला येते. वायू हलतो तशी रेषा सरकते (डॉप्लर परिणाम); तिथे १ गिगाहर्ट्झ म्हणजे वायूच्या वेगात सेकंदाला सुमारे १५८ किलोमीटर. एखाद्या दीर्घिकेच्या मध्याजवळचा वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, तेव्हा बँडविड्थ कमी पडली तर रेषा एका दमात मावतच नाही. २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या हर्शेल दुर्बिणीच्या हायफाय उपकरणात वरच्या पट्ट्यांसाठी असेच बोलोमीटर होते. त्यांच्या वेगाची चौकशी करणं रिकामटेकडेपणा नाही.

राहिला तापमानाचा मुद्दा. चालू बिंदूवर (प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत) विद्युत-औष्णिक प्रत्याभरणामुळे (तापण्याने रोध बदलतो, रोधाने पुन्हा तापणं) प्रतिसादकाळ बदलतो, हे कोणाला ठाऊक नाही? लेखाचा विषय तो नव्हता. कधी तरी स्वतंत्र लिहीन.

पुढच्या वेळी तुमच्या मते आकडा किती, तेवढा लिहा. नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही. आणि टोपणनावावरून काही कळत नाही, म्हणून भाऊ म्हटलं. ताई असाल तर तसं सांगा.