काळ्या वाळूत पारा ओतण्याआधी

नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या छोट्या खाणकामगारांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. तो असा: ‘थाळीत शेवटी उरणाऱ्या काळ्या वाळूत, तुम्ही काढलंत त्याहून जास्त सोनं अदृश्य रूपात अडकलेलं असतं. चुंबकाने लोह बाजूला करा, उरलेल्यात पारा किंवा आम्ल घाला. विश्वास नसेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या.’ हा सल्ला माणसांच्या फुफ्फुसांवर आणि मज्जासंस्थेवर बेततो, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

आधी ‘अडकलेलं’ सोनं. काळी वाळू म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, हेमॅटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त जड खनिजं. सोनं तिच्यासोबत सापडतं ते दोन्ही जड असल्यामुळे. नदीतलं सोनं बहुतांशी सुटंच असतं. मग ते हातून का निसटतं? पाण्याची घनता १ धरली तर क्वार्ट्झची, म्हणजे पांढऱ्या वाळूची, घनता २.६५, मॅग्नेटाइटची सुमारे ५.२ आणि शुद्ध सोन्याची १९.३. पाण्यात प्रत्येकातून १ वजा होतो. म्हणजे पांढऱ्या वाळूपुढे सोनं अकरापट भारी ठरतं, पण मॅग्नेटाइटपुढे जेमतेम सव्वाचारपट. थाळीचं काम सुरुवातीला झपाझप होऊन काळ्या वाळूशी येऊन अडतं ते यामुळे. त्यात अगदी बारीक कणांची गोष्ट अशी की सोन्याचा कण आणि त्याच्या सुमारे दुप्पट व्यासाचा मॅग्नेटाइटचा कण पाण्यात एकाच वेगाने खाली बसतात. लहान-मोठ्या कणांची मिसळलेली वाळू कितीही हलवली तरी हे दोघे वेगळे होत नाहीत.

यावर उपाय चाळणीचा. एकापेक्षा एक बारीक अशा चाळण्यांतून वाळू गाळून प्रत्येक आकाराचा ढीग वेगळा धुवायचा. एका ढिगातला सर्वांत मोठा कण सर्वांत लहान कणाच्या दुपटीहून मोठा नसावा. चपटे, पातळ कण पाण्यावर तरंगून वाहून जातात, त्यासाठी भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब पुरतो. ज्याला ‘अदृश्य’ म्हटलं जातं त्यातलं पुष्कळसं सोनं इथेच दिसू लागतं.

खरोखर अडकलेलं सोनंही असतं, हे मान्य. खडकातल्या सोन्याच्या मूळ शिरेजवळच्या गाळात पायराइट, आर्सेनोपायराइट ही गंधकयुक्त खनिजं असतील तर त्यांत, किंवा दोन खनिजांच्या जोडकणांत. ते ओळखायची परीक्षा सोपी आहे. काळी वाळू शक्य तितकी धुऊन सोनं काढा, मग तीच वाळू ओली ठेवून बारीक कुटा आणि पुन्हा धुवा. कुटल्यावर नवं सोनं दिसलं तर ते अडकलेलं होतं. नाही दिसलं तर पारा विकत घेण्याचं कारणच उरत नाही.

चुंबकाचा सल्ला अर्धा बरोबर. मॅग्नेटाइट चटकन उचललं जातं, पण त्याच्या गुच्छात सोन्याचे कणही ओढले जातात. चुंबक पाण्याखाली फिरवा, हलक्या हाताने, आणि निघालेला गुच्छ पुन्हा धुवा. हेमॅटाइट आणि इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाहीत.

पाऱ्याच्या बाबतीत दावा स्वतःलाच खोडतो. पारा फक्त उघड्या, स्वच्छ सोन्याला धरतो. खनिजाच्या आत बंद असलेल्या किंवा लोहाचा थर चढलेल्या सोन्याला तो स्पर्शही करत नाही. आणि उघडं सोनं तर पाण्यानेही हाती येतं. पारा मात्र साध्या हवेतही बाष्प सोडतो आणि तापवल्यावर ते घरभर पसरतं. २०१७ साली लागू झालेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार छोट्या सोने-खाणींतला पाऱ्याचा वापर कमी करायला, शक्य तिथे थांबवायला सांगतो, तो उगाच नव्हे. फिलिपीन्समधल्या बेंगेट प्रांतातले छोटे खाणकामगार नीट धुऊन उरलेला सोन्याचा जड गाळ टाकणखारासोबत वितळवून पाऱ्याविना सोनं काढतात.

आम्लाबद्दल थोडक्यात: ते बरंचसं लोहावरच खर्च होतं, आणि नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी वायू जीवघेणा असतो. आर्सेनोपायराइट असलेली वाळू तर घरी भाजूच नये; त्यातून आर्सेनिकची वाफ निघते.

राहिला प्रयोगशाळेचा अहवाल. तपासणीला बहुधा ३० ग्रॅमच नमुना घेतात. त्यात ०.३ मिलिग्रॅमचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा एकच कण आला, तरी निकाल ‘टनाला १० ग्रॅम’ असा येतो. तो आकडा खरा धरला तरी २० किलो काळ्या वाळूत सोनं निघतं ०.२ ग्रॅम, तेही सगळं हाती आलं तर. शिवाय तो टन काळ्या वाळूचा असतो, नदीच्या वाळूचा नव्हे. एवढी काळी वाळू साठायला त्याच्या कितीतरी पट वाळू उपसावी लागते. तेव्हा नमुना पाठवायचाच असेल तर आधी सुटं सोनं काढून घ्या, उरलेली वाळू बारीक दळून नीट मिसळा आणि तिचे दोन-तीन वेगळे नमुने द्या. त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले, तरच त्या आकड्यावर खर्चाचा विचार करा.