तळणीच्या तेलावर विमानं? मेसेज अर्धवट आहे

‘2027 पासून विमानतळांवर नेहमीचं इंधन बंद, सगळी विमानं वापरलेल्या खाद्यतेलावर’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट शाश्वत विमान इंधनाच्या, म्हणजे वापरलेलं तेल, ऊस अशा स्रोतांपासून बनवलेल्या इंधनाच्या, मिश्रणाचं आहे: 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2. 2030 चं 5 टक्क्यांचं उद्दिष्ट नंतर जोडलं गेलं. हे मिश्रणही सुरुवातीला फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. म्हणजे पहिल्या वर्षी शंभर लिटरमागे नव्याण्णव लिटर नेहमीचंच इंधन!

वडे तळून काळं पडलेलं तेल कुणी थेट टाकीत ओतत नाही. रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचं केरोसीनसारखं इंधन होतं, ते नेहमीच्या इंधनात जास्तीत जास्त निम्म्यापर्यंतच मिसळता येतं. मिश्रण प्रमाणित असल्याने इंजिन, विमानतळावरच्या टाक्या, पाइप तेच राहतात. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात शाश्वत विमान इंधनाचं मिश्रण होतं. त्यातलं जैवइंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं, पण ते तळणीच्या तेलाचं नव्हे, अल्कोहोलपासून बनवलेलं. पानिपतच्या रिफायनरीलाही वापरलेल्या तेलापासून हे इंधन बनवण्याचं प्रमाणपत्र 2025 मध्ये मिळालंय.

खरी अडचण किमतीची आहे. हे इंधन नेहमीच्यापेक्षा बरंच महाग पडतं. म्हणूनच टक्के इतके सावकाश वाढवलेत.