चार्जर दिसतो, पण मिळतो का?
ई-गाड्यांवरच्या एका लेखात म्हटलंय, हायवेवर चार्जर वाढले, आता ई-गाडी घ्यायला हरकत नाही. हायवेचं ठीक आहे हो. कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर, कराड-साताऱ्याकडे निवांत नाश्ता केला की फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत काम होतं. (त्यापुढे वेग पडतो, तरी काही महाभाग १०० टक्के होईपर्यंत जागा अडवून बसतात.)

खरी गोची गावात आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत गाडी रात्री बोळात लागते, तिथं वायर सोडणार कुठून? ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर नऊ-दहा तास घेते. हे रात्री झोपेत उरकायचं काम, त्यासाठी रोज बाहेर कोण ताटकळत बसणार? शिवाय बाहेरचा दर घरच्यापेक्षा चढा, त्यावर १८ टक्के जीएसटी. स्वतःचं पार्किंग असेल तर बिनधास्त घ्या.

आंबा घाटातून रत्नागिरीला जाणाऱ्यांनी मात्र परतीच्या चढाला बॅटरी भराभर उतरते हे धरूनच निघावं. आणि ॲपवर चालू दिसणारा चार्जर पोचल्यावर बंद निघाला तर काय करायचं, यावर लेखात एक ओळही नाही.