तुम्ही कुठल्या पेठेचे?

मला हे काम मिळालं ते मला फुटबॉल कळत नाही म्हणून.

आमच्या चिरंजीवांना अकादमीत घालून दोनच महिने झाले होते. पालकसभेत विषय निघाला, की मॅचच्या दिवशीचं सगळं बघायला एक कायमचा माणूस हवा. शिवाजी पेठेतल्या एका पालकाचं नाव पुढं आलं आणि मंगळवार पेठ खाकरली. मग मंगळवार पेठेतलं नाव आलं, तर मागून आवाज आला, "म्हंजे टीम तुमच्याच गल्लीतली लावणार व्हय?" कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. ज्या तालमीत आजोबांनी लंगोट लावला, तिच्याच नावानं नातू शाहू स्टेडियमच्या गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडतो. सोयरीक जमवतानाही आधी तालीम विचारतात म्हणे. (ही अतिशयोक्ती असावी. पण फार नसावी.) शेवटी कोच सरांची नजर माझ्यावर पडली.

"साहेब, तुम्ही कुठल्या पेठेचे?"

"मी सोलापूरचा. बँकेत आहे, बदलीवर आलोय."

टाळ्यांच्या गजरात माझी नेमणूक झाली.

बँकेतला माणूस संकटात आधी परिपत्रक वाचतो. मी फुटबॉलचे सगळे १७ नियम छापून आणले आणि महत्त्वाच्या ओळींवर पिवळी रेघ मारली. त्यातला तिसरा नियम मला झोपेतही म्हणता येतो: संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही. आमची मॅच रविवारी सकाळी सातला. पावणेसातला माझ्याकडे चार खेळाडू असतात, त्यातला एक माझाच, आणि तो राखीव. बाकीच्यांच्या घरी फोन लावला की एकच उत्तर येतं, "गेटवर आलोय की!" हे गेट स्टेडियमचं नसून त्यांच्या स्वतःच्या घराचं असतं, हे कळायला मला तीन रविवार लागले.

बरं, हा उशीर आळसापायी नसतो. खेळायला निघालेल्या पोराला कोल्हापूर उपाशी सोडत नाही. एका वडिलांनी तिघांना गाडीवरून आणताना वाटेत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर थांबवलं आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं, प्रत्येकी मोठा पेला. पैलवानाला चालतं, मग फुटबॉलवाल्याला का नाही? आमच्या राइट हाफनं दहाव्या मिनिटाला टच लाइनवर ते दूध व्याजासकट परत केलं. वडील म्हणाले, "दूध चांगलं होतं ओ. पळायची सवय न्हाई पोराला."

दुसरी अडचण अशी, की गावात बचाव करणारं कुणी जन्मालाच येत नाही. २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच, आणि तो फॉरवर्ड. तेव्हापासून निदान आमच्या यादीत तरी प्रत्येक पोरगं फॉरवर्ड आहे. बावीस नावं, त्यात एकोणीस फॉरवर्ड, एक गोली, एक 'कुठंबी खेळतंय' आणि आमचे चिरंजीव. याच यादीसाठी जन्मदाखले मागवले, तेव्हा तिघांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच निघाली. बारशाआधी नोंद झाली, नंतर नाव घालायचं राहून गेलं. बँकेत असला ग्राहक मी दारातून परत पाठवला असता. इथं त्यातला एक माझा एकुलता एक गोली होता.

आणि सल्ला देणारे! विश्वचषक आला की इथल्या चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे दुमजली कटआउट लागतात आणि पेठा अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये वाटल्या जातात. अशा गावात टच लाइनवर उभा असलेला कुठलाही आजोबा स्वतःला किमान सहायक कोच समजतो. एकदा आमच्या पोरानं थ्रो-इनवर बॉल घेतला, तर एक आजोबा "ऑफसाइड हाय की!" म्हणून ओरडले. मी कागद काढून नम्रपणे दाखवलं, की थेट थ्रो-इनवरून आलेल्या बॉलला ऑफसाइड धरत नाहीत. त्यांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. "कागद ऱ्हावू द्या. मी स्टेडियमात बघितलंय."

पण माझा खरा घात केला तो चौथ्या नियमानं. नडगीला शिनगार्ड हवंच, अंगावर दागिना नको. आमचे रेफ्रीसाहेब रांगेत उभं करून एकेकाच्या नडगीवर बोटानं टकटक करतात. एकाच्या पायातून पुठ्ठ्याचा आवाज आला. मोजा खाली केला, तर आतून लग्नपत्रिका निघाली. जाड, सोनेरी, वरती गणपती. "मामाच्या लग्नातली हाय सर, लई उरल्यात," पोरगं म्हणालं. रेफ्रीसाहेबांनी गणपतीला नमस्कार केला आणि पोराला बाहेर बसवलं.

दागिन्यांचं त्याहून अवघड. प्रत्येकाच्या गळ्यात नाहीतर दंडात ताईत, आणि तो आज्जीनं बांधलेला. चिकटपट्टीखाली झाकलेलाही चालत नाही. तेव्हा मी बँकेची पद्धत लावली: प्रत्येक ताईत वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव, वहीत नोंद. मॅच संपली की सही घेऊन परत. दोन महिने एकाही ताइताचा हिशेब चुकला नाही.

मग मे महिन्यात गांधी मैदानावर मॅच लागली आणि मध्यंतराला वळीव कोसळला. हे मैदान पाऊस पडला की मैदान राहत नाही, तळं होतं. मॅच थांबली तोवर आमच्या गोलीनं पाच गोल खाल्ले होते. माझ्या पिशवीत पाणी शिरून पाकिटांवरची शाई वाहून गेली होती, आणि माझ्या हातात अकरा एकसारखे, काळ्या दोऱ्यातले, जोतिबाच्या डोंगरावरून आणलेले ताईत होते. मी अंदाजानं वाटले. पोरांनीही बिनतक्रार गळ्यात घातले. सह्या घेतल्या नाहीत, ही माझी चूक.

पुढच्या रविवारी सामना टायब्रेकरवर गेला. ज्यानं मागं पाच खाल्ले, त्याच गोलीनं दोन पेनल्टी अडवल्या. आणि आमच्या खऱ्याखुऱ्या फॉरवर्डनं स्वतःची पेनल्टी बारवरून थेट रस्त्यावर घालवली. आठवडाभर कुणाच्या गळ्यात कुणाचा ताईत होता, हा शोध संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत लागला होता. आता फॉरवर्ड शिवाजी पेठेतला आणि गोली मंगळवार पेठेतला, याला मी काय करणार?

सोमवारी अकरा वाजता फॉरवर्डची आज्जी बँकेत आली, टोकन घेऊन बसली. नंबर लागल्यावर म्हणाली, "माझ्या नातवाचा ताईत त्या पोराच्या गळ्यात हाय. तेवढा आणून द्या."

मी काही म्हणेपर्यंत मागच्या खुर्चीवरून दुसरी, गोलीची आज्जी उठली. "आमी न्हाई देणार. जोतिबाच्या मनात हुतं म्हणून आला की न्हवं आमच्याकडं?"

कॅशियरनं नोटा मोजायचं यंत्र थांबवलं. मी म्हणालो, "आज्जी, दोन्ही ताईत एकाच डोंगरावरचे, एकाच देवाचे. शिवाय खेळताना ते गळ्यात नव्हतेच, माझ्या पिशवीत होते."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग शिवाजी पेठेनं विचारलं, "तुमी कुठल्या पेठंचं म्हणायचं?"

"सोलापूरचा."

"मग ऱ्हावू दे," मंगळवार पेठ म्हणाली. "तुमाला काय कळायचं न्हाई त्यातलं."