कडेवरचं नाव मागाहून कोरलेलं नाही

नमस्कार. फितीवर ‘पर्शियन गल्फ १९०९–१९१४’ अशी धातूची पट्टी असलेल्या इंग्रजांच्या आरमारी पदकावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. कोकणातल्या खलाशाला इंग्रजांच्या आरमाराचं पदक मिळणं शक्य नाही, आणि १९१५चं पदक म्हणजे ते महायुद्धाचंच, असं तुमचं म्हणणं. तुमच्या घरच्या तशाच पदकाच्या कडेवरचं आजोबांचं नावही मागाहून कोरलंय, असं सराफ बाजारात कुणी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंत. त्या शेरा मारणाऱ्याने भिंग लावलं होतं का?

महायुद्धाचं लगेच आटपतं. हे पदक, म्हणजे नेव्हल जनरल सर्व्हिस मेडल, १९१५मध्ये जाहीर झालं, पण या पट्टीची मुदत १ ऑगस्ट १९१४लाच संपते. मस्कतहून इराण-बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर आणि तिथून अफगाणिस्तानकडे जाणाऱ्या चोरट्या बंदुका अडवणं, हे ते काम. त्यात रॉयल इंडियन मरीनची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या नौदलाची, जहाजंही होती, ‘हार्डिंग’ त्यातलंच. १९१५च्या फेब्रुवारीत सुएझ कालव्यात तुर्की तोफगोळे खाल्ले तेही याच ‘हार्डिंग’ने, म्हणून गल्लत होते. त्या लढाईची पदकं निराळी.

आणि या जहाजांवर खलाशी कोण होते? हुद्देच सांगतात: लास्कर, टिंडल, सीकनी, सेरांग. लास्कर म्हणजे साधा खलाशी, टिंडल म्हणजे आपला तांडेल, सीकनी म्हणजे सुकाणी, सेरांग म्हणजे सारंग. किंमत वाढवायला नाव बदलणारा माणूस एखाद्या अधिकाऱ्याचं नाव घालेल, साध्या लास्करचं कशाला?

तरी शंका असेल तर तपासा. दहापट भिंगाखाली पदकाची कड फिरवा. मूळ अक्षरं ठशाने दाबलेली असतात: खोली एकसारखी, आणि तेच अक्षर दोनदा आलं तर हुबेहूब तसंच. हाताने कोरलेल्या अक्षराची रेघ टोकाला निमुळती होते. मग व्हर्निअर (बारीक मोजमापाचं कॅलिपर) घ्या. पदकाचा व्यास साधारण ३६ मिलिमीटर. घड्याळाच्या ३ ते ९ आणि १२ ते ६ असं दोनदा मोजा. जुनं नाव घासून काढलं असेल तर ३–९चं माप कमी भरतं, कारण तिथे दोन्ही बाजू झिजतात. १२ला, जिथे पदक फितीच्या टांगणीला जोडलेलं असतं, त्या पकडीखाली कानस पोचत नाही, तिथली कड शाबूत राहते. तुमच्या पदकाची अक्षरं ठशाची दिसली आणि दोन्ही मापं सारखी आली, तर नाव मागाहून घातलेलं नाही असं समजा.

एक मात्र कळकळीने सांगतो. पदक चिंच आणि रांगोळीने ‘उजळून’ घ्यायचा विचार असेल तर सोडा. पदकावरचा काळा थर चांदी आणि गंधकाचा. घासलात की त्याच्याबरोबर चांदीही जाते, आणि आधी उंचवटे जातात: पुढे राजाची, पाचव्या जॉर्जची, दाढी, मागे समुद्री घोड्यांवरच्या ब्रिटानियाचा (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा) चेहरा. कडेवरच्या अक्षरांच्या धारा बोथट झाल्या की वरची तपासणीही जमणार नाही. पांढऱ्या-किरमिजी फितीला पाणी लावू नका, रंग पांढऱ्यात उतरेल. पदक रबरबँड, वर्तमानपत्र आणि पीव्हीसीच्या पाकिटापासून लांब, सुती कापडात ठेवा.

मापं घेतलीत की इथेच लिहा, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत.