इंजिनावरचा आकडा म्हणजे ट्रॅक्टरचं वय नव्हे

जुना अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्याला हमखास मिळणारा सल्ला असा: ‘इंजिनावरचा नंबर बघा. पहिले दोन आकडे म्हणजे साल, ट्रॅक्टरही त्याच सालचा.’ आपल्याकडे ट्रॅक्टरच्या आरसी बुकात उत्पादनाचं साल छापलेलं असतं. अमेरिकेत घराभोवतीचं गवत कापणाऱ्या या यंत्रांची अशी नोंदणी सहसा होतच नाही, म्हणून हा सोपा उपाय लोकांना पटतो. तो जवळपास प्रत्येक टप्प्यावर फसतो.

‘पहिले दोन आकडे म्हणजे साल.’ हे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन बनवणाऱ्या कंपनीपुरतं खरं, आणि तिथेही फक्त ‘कोड’ या नंबराबाबत. त्यांच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर असतात. कोड ७२०५१२०३ असेल तर इंजिन १२ मे १९७२ चं. शेवटचे आकडे कारखाना किंवा असेंब्ली लाइनचे. मॉडेल नंबर १९०४०२ मधले १९ मात्र घन इंचातली क्षमता सांगतात, सालाशी त्यांचा संबंध नाही.

कोहलर या दुसऱ्या इंजिन कंपनीचं गणित निराळं. १९६५ पासून काही वर्षं सिरियल नंबराआधी इंग्रजी अक्षर येई: ए म्हणजे १९६५, बी म्हणजे १९६६. नव्वदच्या दशकात २० म्हणजे १९९० आणि २५ म्हणजे १९९५. तिथे पहिले दोन आकडे सरळ वाचले तर इंजिन १९२५ चं ठरेल! टेकमसे कंपनीच्या इंजिनावर ८१०५सी असं दिसलं तर पहिला ८ हा सालाचा फक्त शेवटचा अंक आणि १०५ हा वर्षातला दिवस, म्हणजे १५ एप्रिल (लीप वर्षात १४ एप्रिल). साल १९७८ की १९८८, हे त्या नंबरावरून कळत नाही. त्यासाठी मॉडेल बघावं लागतं.

‘निदान इंजिनाचं साल तरी पक्कं कळतं.’ तेही नाही. बऱ्याच इंजिनांवर हा नंबर मूळ ब्लॉकवर नसून ब्लोअर हाउसिंगवर, म्हणजे फ्लायव्हीलच्या पंख्यावरच्या पत्र्याच्या कव्हरवर असतो. ते मोजक्या बोल्टवर निघतं. चेपलं की दुसऱ्या इंजिनाचं लावतात. उलट नवा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे बाहेरच्या सुट्या भागांशिवायचं इंजिनाचं मूळ धड, बसवला की जुनंच कव्हर त्यावर चढतं. त्यामुळे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते.

‘ट्रॅक्टर त्याच सालचा.’ एक सिलिंडरचं इंजिन चार बोल्टवर बसलेलं असतं, पन्नास-साठ वर्षांत ते एकदाही बदललं नसेल असं धरून चालणं भोळेपणाचं आहे. कोहलरच्या प्लेटवरचा ‘स्पेक’ नंबर इथे कामाला येतो: इंजिन कोणत्या कंपनीच्या कोणत्या यंत्रासाठी बांधलं होतं, हे त्यावरून शोधता येतं. इंजिन मूळचं असलं तरी ते ट्रॅक्टरच्या आधी बनलेलं असतं, आणि पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शेवटीच बनायला लागू शकतं. काही महिन्यांचा फरक त्यामुळे स्वाभाविक आहे. इंजिन ट्रॅक्टरपेक्षा नवं निघालं, तर ते बदललेलं आहे किंवा निदान त्याचं कव्हर तरी.

काही जण बॉनेटवरच्या मॉडेल नंबरातच साल शोधतात. १९६१ ते १९६७ च्या व्हील हॉर्स कंपनीच्या बहुतेक ट्रॅक्टरना हे लागू पडतं, शेवटचा अंक सालाचा: ७०१ आणि ७०२ दोन्ही सात हॉर्सपॉवरचे, पहिला १९६१ चा, दुसरा १९६२ चा. पण जॉन डिअरचा ११० हा १९६३ ते १९७४ पर्यंत ११० च राहिला. सिअर्स या दुकानसाखळीने विकलेल्या ट्रॅक्टरच्या नंबरातलं सुरुवातीचं ९१७ हे सालाचं नव्हे, रोपर या उत्पादकाचं चिन्ह. रंगावर तर अजिबात जाऊ नये, डबाभर रंगाने काहीही होतं.

मग बघायचं काय? आधी ट्रॅक्टरची स्वतःची प्लेट, म्हणजे आपल्या भाषेत चेसिस नंबर. तिच्यावर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवू नका, उथळ अक्षरं कायमची जातात. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने चिकटा काढा आणि टॉर्च बाजूने तिरका धरून वाचा. तरीही लागत नसेल तर खडू घासून वरवर पुसा किंवा कागद ठेवून पेन्सिल फिरवा. मॉडेल आणि सिरियल दोन्ही उतरवून कंपनीच्या सिरियल यादीशी ताडा. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कब कॅडेट या गार्डन ट्रॅक्टरचे सिरियल नंबर १९६० मध्ये ५०१ पासून सुरू झाले आणि मॉडेल बदलली तरी पुढे चालूच राहिले, त्यामुळे स्टिकर गेलेल्या यंत्राचाही काळ लागतो. इंजिनाची तारीख यानंतर, पडताळणीसाठी.

प्लेटच नसेल तर एकच साल ठोकून सांगू नये. जॉन डिअर ११० चे मागचे मडगार्ड गोल असतील तर १९६३ ते १९६७, चौकोनी असतील तर १९६८ ते १९७४, एवढंच म्हणावं. तेही मडगार्ड मूळचे असतील तरच. सुटे भाग मागवताना सालापेक्षा सिरियल नंबर द्यावा, कारण पार्ट्स बुकात बदल बहुधा ‘अमुक नंबरपासून पुढे’ असाच नोंदलेला असतो.